प्रमाणपत्रापुरता खो-खो

वडिलांच्या वर्षश्राद्धाला खो-खोचा एक सामना ठेवावा, असं सौदामिनीच्या मनात आलं तेव्हा ती गोष्ट तिला अगदी किरकोळ वाटली होती. नऊ माणसं इकडून, नऊ तिकडून, दोन खांब आणि घमेलंभर चुना. सकाळी गुरुजींचं उरकलं की उन्हं उतरल्यावर तासाभराचा खेळ. ज्यांना लातूर माहीत आहे त्यांना इथेच हसू येईल. सौदामिनी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची आणि तिचं वाचन दांडगं होतं, त्यामुळे तिला काहीच माहीत नव्हतं.

तिचे वडील रेणुकादास सर लातूरच्या एका शाळेत जन्मभर पी.टी. शिकवत होते. साहित्यावर त्यांचा एकच आक्षेप होता. मुलगी नांदेडहून नवं पुस्तक घेऊन आली की ते विचारायचे, "ह्यात कुणी पळतं का?" बहुतेक वेळा कुणी पळत नसे. माणसं गॅलरीत उभी असत आणि चहा गार होईपर्यंत काहीतरी आठवत असत. "कुस्तीवर लिहितात, क्रिकेटवर तर झोपेतसुद्धा बोलतात," सर म्हणायचे, "खो-खोवर कुणी लिहीत नाही. का, सांग." सौदामिनीनं एकदा सांगून पाहिलं होतं, की खेळातला संघर्ष बाहेरचा असतो आणि साहित्याला आतला लागतो. सरांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागून कोण कधी खो देईल ठाऊक नाही, शेजाऱ्याचं तोंड एकीकडे, आपलं दुसरीकडे, आणि तोवर उकिडवं बसून राहायचं. ह्याहून आतलं तुला काय पाहिजे?" ह्याचं उत्तर तिच्या कुठल्याच संदर्भग्रंथात नव्हतं.

म्हणून तिला भाषणं नको होती, जीवनपट नको होता, आणि 'पोकळी निर्माण झाली' हे वाक्य तर मुळीच नको होतं. सरांच्या नावानं, त्यांच्याच मैदानावर, एक डाव खराखुरा खेळला जावा, आणि हरणाऱ्याला मनापासून वाईट वाटावं, एवढंच हवं होतं.

पहिला सल्ला पुण्याहून फोनवर आला. धाकटा भाऊ अंबरीश म्हणाला, "ताई, त्यापेक्षा एखाद्या आश्रमात जेवण दे. सुटसुटीत होतं. आणि तिथे आपण हजर असावं लागत नाही." अंबरीशला कुठेच हजर असावं लागू नये, अशी देवानं त्याची व्यवस्था केलेली होती.

दुसरा सल्ला लातूरच्या घराच्या भिंतीवरून आला. शेजारच्या कमलम्मा मावशी म्हणाल्या, "श्राद्धाला सामना? अगं माय, खीर-वडे करायचे सोडून पोरान्ला कशाला पळवून राहिलीस? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ही काळजी मावशींना इतकी होती, की दुपारपर्यंत त्यांनी स्वतः गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन ते विचारून घेतलं.

मैदान मिळवण्यासाठी सौदामिनी शाळेच्या कचेरीत गेली. तिथे श्रीमंत नावाचे क्लार्क होते. त्यांना सरांबद्दल फार आदर होता, आणि तो त्यांनी खुर्चीवरून न उठता व्यक्त केला.

"मैदान कशासाठी पाहिजे मॅडम?"

"खेळायला."

श्रीमंतांनी तिच्याकडे, आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "मैदान खेळायला देता येत न्हाई. संस्थेचा ठराव हाय. शैक्षणिक, सांस्कृतिक आणि धार्मिक. खेळ ह्यात कुठंच येत न्हाई."

"पण ते खेळाचं मैदान आहे."

"हाव. ते आहेच की. त्याला कोण न्हाई म्हणून राहिलंय?"

बराच वेळ दोघंही एकमेकांच्या शहाणपणाची वाट बघत बसले. शेवटी श्रीमंतांनाच दया आली. "तुम्ही असं करा, परिसंवाद घ्या. तो सांस्कृतिकमधी बसतो. साहित्यातला खेळ, खेळातलं साहित्य, असं काहीतरी टाका. तुमचा तर तो धंदाच हाय. मग परिसंवाद संपल्यावर माणसं जरा इकडं-तिकडं पळाली, तर कोण मोजून राहिलंय?"

तर अशा रीतीनं मराठी साहित्यातल्या क्रीडाविश्वाची चर्चा घडून येणार होती. सौदामिनीनं उठता उठता खिडकीबाहेर बोट दाखवलं. अर्ध्या मैदानावर पत्र्याची लांबलचक शेड होती. "आणि ती कधी निघणार?"

"ती तात्पुरती हाय."

"भूकंपाला दहा वर्षं झाली, भाऊ."

"म्हणून तर. लई जुनी तात्पुरती हाय."

भूकंपाच्या वेळी मदतीची घोंगडी आणि पिठाची पोती ठेवायला ती शेड उभी केलेली होती. त्या महिन्यात अर्धं लातूर भिंतींना भिऊन ह्या मैदानावर झोपायचं, आणि सकाळी रेणुकादास सर लोकांच्या अंथरुणांमधून वाट काढत पोरांना पळवायचे, कारण घाबरलेल्या पोरांना बसू देऊ नये असं त्यांचं मत होतं. पुढे घोंगडी गेली, पोती गेली आणि शेडमध्ये क्लास आला. आता तिथे पाचशे पोरं बसलेली असत. बसण्याला हरकत नाही. खो-खोतही पोरं बसतातच. पण खो-खोत एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे असतं. इथे सगळ्यांची तोंडं एकाच फळ्याकडे, आणि मागून खो देणारं कुणी नाही.

क्लासचं नाव 'अढळपद अकॅडमी'. चालक मृत्युंजय सर. खेळाडू मागायला त्यांच्याकडेच जावं लागलं, कारण शहरातली सोळा-सतरा वर्षांची सगळी मुलं त्यांच्याकडे किंवा त्यांच्यासारख्यांकडे जमा होती. मृत्युंजय सर शाळेत असताना रेणुकादास सरांच्या संघात राखीव होते. ही गोष्ट त्यांनी "आम्ही सरांच्या संघात होतो" अशी सांगितली.

"अठरा पोरं ना? दिली समजा," ते म्हणाले. "केमिस्ट्री सुटल्यापासून संध्याकाळची टेस्ट लागेपर्यंत पोरं तुमची. पण मॅडम, त्यातून त्यांना मिळणार काय?"

"खेळायला मिळेल."

मृत्युंजय सर वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत राहिले. ते झालेलं आहे हे लक्षात आल्यावर त्यांनीच विचारलं, "सर्टिफिकेट?"

"ते काय, देऊ की," सौदामिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासत असतानाच अंगणात माणसं उभी होती. खेळाडूंना बोर्डाचे वाढीव गुण मिळतात, हे लातुरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला मोठ्या पातळीवरचा, मान्यता असलेला सामना लागतो, हे मात्र कुणाला ठाऊक करून घ्यायचं नसतं. सगळ्यांत पुढे ईश्वरप्पा होते. त्यांचं गंजगोलाईच्या बाजारात भुसारचं दुकान होतं आणि मुलगी सुकन्या बारावीला होती. त्यांच्या मागे केवळाबाई. ह्या जळकोटच्या. घर, जमीन आणि नवरा तिकडे ठेवून मुलाला दोन वेळचं गरम वाढण्यासाठी क्लासशेजारी एक खोली घेऊन राहिलेल्या. त्या गल्लीत अशा आया प्रत्येक खोलीत होत्या. पोरं अभ्यास करत आणि आया निकालाची वाट बघत.

"बाई, सुकन्याचं नाव घ्या," ईश्वरप्पा म्हणाले.

"घेते. पण ह्या प्रमाणपत्राचे गुण मिळत नाहीत. हा घरगुती सामना आहे."

ईश्वरप्पांनी मागे वळून लोकांकडे बघितलं. "बघा, न्हाई म्हणून राहिल्या. म्हंजे कुणासाठी तरी राखून ठेवलंय."

"अहो, खरंच काही उपयोग नाही त्याचा. एक गुणसुद्धा वाढणार नाही."

"एवढं ठासून सांगतेत म्हंजे लई गुण असतील," केवळाबाई हळूच म्हणाल्या.

सौदामिनी जितकं खरं बोलली तितकी गर्दी वाढली. उदगीर आणि चाकूरहूनही चौकशी झाली. अठरा जागांना सव्वाशे नावं आली, तेव्हा मृत्युंजय सरांनी त्यांना येणारा एकमेव मार्ग काढला. खो-खोच्या संघासाठी त्यांनी लेखी निवड चाचणी ठेवली. वस्तुनिष्ठ प्रश्न, चार पर्याय, चुकीला वजा गुण. दुपारपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात 'खो-खो: संभाव्य प्रश्न' मिळू लागले. पहिल्या आलेल्या मुलाला मैदानाची मापं सेंटिमीटरसकट पाठ होती. मैदान त्यानं पाहिलेलं नव्हतं, कारण ते शेडच्या मागच्या बाजूला होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी गुरुजींनी वेळेवर येऊन, वेळेवर चुका करून सगळं यथासांग पार पाडलं. पिंडाला कावळा लगेच शिवला. "सर सुखात आहेत बरं का," कमलम्मा मावशी म्हणाल्या.  सौदामिनीनं हातावरचं पाणी पुसलं आणि ती मैदानावर गेली.

तिथे मांडववाल्यानं परिसंवाद हा शब्द ऐकून मैदानाच्या बरोबर मध्यावर शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. चुना त्याच्या हाती दिला होता म्हणून त्यानं रेघांऐवजी पाहुण्यांच्या वाटेवर कमळं काढली होती. आणि खो-खोचे दोन्ही खांब वाया कशाला घालवायचे म्हणून त्यांना उंच बांबू जोडून मध्ये मृत्युंजय सरांचा बॅनर ताणून बांधला होता. त्यावर गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पासपोर्ट फोटो रांगेनं होते आणि शेवटच्या रांगेत, त्याच मापात, रेणुकादास सर. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'यशस्वी विद्यार्थ्यांचे हार्दिक अभिनंदन!' सौदामिनी त्या फोटोकडे बघत उभी राहिली. लातुरात मरण पावणंही आता मेरिटमध्ये धरत असावेत.

प्रमुख वक्ते नांदेडचे एक निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी श्रीकृष्णाच्या चेंडूपासून सुरुवात केली. कुठलाही वक्ता खेळाबद्दल बोलायला लागला की आधी श्रीकृष्ण येतो, मग द्यूत, आणि मग 'जीवन हाच एक खेळ आहे.' प्राचार्य त्याही पुढे गेले. "साहित्य हासुद्धा खेळच आहे," ते म्हणाले, "किंबहुना खरा खेळ शब्दांचाच. मैदानावर घडते ती केवळ शारीरिक हालचाल." सौदामिनी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होती. ह्या प्रकारची वाक्यं तिनंही वर्गात म्हटलेली होती, आणि मुलांनी ती उतरून घेतलेली होती.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. आभार झाले. आभारात पोकळी निर्माण झालीच. मग सौदामिनी उठून म्हणाली, "आता खेळाडूंनी पुढे यावं."

कुणी आलं नाही. शेडमधून घंटा ऐकू आली. मृत्युंजय सर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, टेस्ट अलीकडं घ्यावी लागली. दुसऱ्या क्लासनं काल एक जादा घेतली ना. पोरं आत बसलीत. तुम्ही सर्टिफिकेटांवर सह्या करून टाका, पालक आलेतच घ्यायला."

पालक खरोखरच आलेले होते आणि रांग लावून उभे होते. प्रमाणपत्रांवर नावं घालून तयार होती. 'उत्कृष्ट खेळ केल्याबद्दल' असा मजकूर होता. ईश्वरप्पांनी खिशातून पेन काढून, टोपण उघडून तिच्यापुढे धरलं.

सौदामिनी आवाज चढवणाऱ्यांतली नव्हती. तिनं तो चढवलाही नाही. "खेळ झाल्याशिवाय मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"अहो बाई, पोरगी टेस्टला बसलीय!"

"मग प्रमाणपत्र नाही."

रांगेत चुळबुळ झाली. खालच्या आवाजात सल्लामसलत झाली. मग ईश्वरप्पा एक पाऊल पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर, भाव पडलेला असतानाही सौदा तोडायचा नाही असं ठरवलेल्या व्यापाऱ्याचा निश्चय होता. "असं करा. सुकन्याच्या जागी मी खेळतो."

"तुम्ही?"

"त्यात काय? फॉर्म मी भरला. फी मी भरून राहिलो. सकाळी उठवतो मी, वह्यांना कव्हर मी घालतो, जर्नलची चित्रंसुद्धा तिची आईच काढते. एवढा खेळ तेवढा आम्ही खेळला, तर काय बिघडतंय?"

ह्यात काही चूक आहे असं त्या रांगेत कुणालाही वाटलं नाही. केवळाबाईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि विचारलं, "कुठं बसायचंय?"

खुर्च्या उचलल्या गेल्या. कमळं पायानं पुसून कुणीतरी काठीनं रेघा ओढल्या. बॅनरची दोरी मात्र सुटेना, तेव्हा तो बांबूंवरच वर सरकवला, आणि यशस्वी विद्यार्थी मैदानावर छत्रासारखे लोंबकळत राहिले. अठरात एक माणूस कमी पडला. सौदामिनीनं कमलम्मा मावशींकडे बघितलं.

"मी? माझे गुडघे गं!"

"नुसतं बसायचंय, मावशी."

"मग बसते. बसायला काय?"

सुरुवात जशी व्हायची तशीच झाली. एक बँकेतले गृहस्थ खो देताना पाठीवर थाप मारण्याऐवजी "एक्स्क्यूज मी" म्हणाले. एकानं खो मिळाल्यावर पळण्याआधी चपला नीट जोडून ठेवल्या. केवळाबाईंनी मावशींना खो दिला, तर मावशी म्हणाल्या, "उठते गं, जरा हात दे," आणि हात देईपर्यंत पळणारे तिघंही दम खाऊन, घाम पुसून, एकमेकांच्या मुलांच्या टक्केवारीची चौकशी करून मोकळे झाले. सौदामिनी पंच होती. तिला वाटलं, हेही झालंच. ह्याला खेळ म्हणायचं, सह्या करायच्या आणि रात्रीच्या गाडीनं नांदेडला जायचं.

मग ईश्वरप्पांनी केवळाबाईंना हुलकावणी दिली.

ती त्यांनी दिली की पोटाच्या भारानं आपोआप बसली, हे सांगता येत नाही. पण केवळाबाईंचा हात हवेत राहिला, आणि ईश्वरप्पा खांबाला वळसा घालून पलीकडे हसत उभे राहिले. "काय बाई, जळकोटला असंच पळतात का?"

 त्या दिवसापर्यंत केवळाबाईंनी लातुरात कुणालाच उलट उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांनी नाकातली नथनी काढून पदराच्या गाठीला बांधली, रेघेकडे एकदा बघितलं आणि पुढच्या खोला अशा सुटल्या, की बँकेतले गृहस्थ नियम विसरून टाळ्या वाजवायला लागले. त्यानंतर एक्स्क्यूज मी कुणी म्हणालं नाही. "खो!" असा आवाज उठू लागला, पोटातून, पत्र्यावर आपटणारा. कमलम्मा मावशी हात न घेता उठल्या. दुसऱ्या दिशेनं पळाल्या म्हणून त्यांचा फाऊल धरला, तर त्यांनी सौदामिनीला तिच्या लहानपणी पाजलेल्या गुटीची आठवण करून दिली.

शेडचे पत्रे आतून वाजले. खिडकीखिडकीला पोरांची डोकी लागली होती. पाठोपाठ मृत्युंजय सर हातात घड्याळ घेऊन तरातरा आले. "अहो, काय चालवलंय? आत रँकची टेस्ट चालू हाय! बंद करा हे!"

ह्या माणसासमोर त्या मैदानावरचा प्रत्येक जण वर्षभर हात बांधून उभा राहिलेला होता. ईश्वरप्पा धावता धावता, धापा टाकत ओरडले, "सर, रेघेवरून बाजूला व्हा आधी! आडवं येऊन राहिले तुम्ही!"

मृत्युंजय सर बाजूला झाले. राखीव खेळाडूंनी उभं राहायचं असतं तिथे जाऊन उभे राहिले, सवयीनं.

डाव संपत आला होता. एक गडी बाद झाला की केवळाबाईंची बाजू जिंकणार होती आणि तो गडी ईश्वरप्पा होते. ते खांबापाशी झुलत होते. केवळाबाई आल्या, वळल्या नाहीत, थांबल्या नाहीत, सरळ खांबावर झेपावल्या. ईश्वरप्पा सटकले. दोघंही पडले, खांब हलला, बॅनर खाली आला आणि धुळीत काय झालं ते फक्त सौदामिनीला दिसलं.

"आऊट," ती म्हणाली.

"अजाबात न्हाई!" ईश्वरप्पा बॅनरखालून बाहेर आले. सदरा फाटला होता. "सिद्धेश्वराची आण, बोट लागलं न्हाई!"

"लागलं. खांद्याला."

"ती वाऱ्याची झुळूक होती!"

भांडण रस्त्यापर्यंत गेलं. सरांच्या नावाच्या त्या सामन्यात कोण जिंकलं ह्यावर चहाच्या हॉटेलात दोन पक्ष पडले. सौदामिनी खाली वाकून खुर्च्या मोजून घेत होती आणि मधूनच तिचे खांदे हलत होते. मावशींना वाटलं, वर्षाचा दिवस आहे, रडत असेल. त्या जवळ गेल्या आणि बघितलं, तर ती हसत होती. मग मावशी थोडा वेळ तिथेच थांबल्या, कारण नंतर ती रडायलाही लागली.

प्रमाणपत्रं मात्र नेली सगळ्यांनी. ईश्वरप्पांचं एकट्याचं राहिलं. ते भांडता भांडता तसेच घरी गेले होते.

आठवड्यानं नांदेडला सकाळी फोन वाजला. सौदामिनीनं गॅसवर दूध ठेवलं होतं.

"बाई, ईश्वरप्पा बोलून राहिलो, लातूरहून."

"बोला ना. तुमचं प्रमाणपत्र माझ्याकडेच आहे. पोस्टानं पाठवते."

"ते राहू द्या हो," ईश्वरप्पा चिडून म्हणाले. "त्याला कोण विचारून राहिलंय? मला आधी सांगा, तुम्ही उभ्या कुठं होतात? तुमच्या आणि माझ्या मधी बँकवाला होता. तुम्हाला दिसलंच कसं?"

"मी डाव्या अंगाला होते. मला स्वच्छ दिसलं."

"आठ दिवस झाले, दुकानात लक्ष लागंना माझं. गिऱ्हाईकानं तूर मागितली तर हरभरा देऊन राहिलो. बाई, मी आऊट नव्हतो."

दूध वर येत होतं. सौदामिनीनं फोनची वायर ताणून बघितली, गॅसपर्यंत पोहोचेना, तेव्हा तिनं स्टूल ओढलं आणि बैठक मारली.

"होतात," ती म्हणाली.